पायावरच्या निळ्या-जांभळ्या शिरा: नुसत्या दिसायला वाईट, की पुढचं काही?

काउंटरवरची_कोल्हापूर

नमस्कार. मी महाद्वार रोडच्या बाजूला एका कपड्याच्या शोरूममध्ये रेडिमेड ड्रेसच्या काउंटरला आहे. वय ३८, दोन मुलं. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री वाढवेपर्यंत, मधली जेवणाची सुट्टी सोडली तर उभीच असते. पूर्वी याच दुकानात गादीची बैठक होती. दाखवणारा बसलेला, गिऱ्हाईकही बसलेलं. नूतनीकरण झालं, गाद्या गेल्या, काचेचे काउंटर आले, आणि आता गिऱ्हाईक नसलं तरी स्टुलावर टेकायचं नाही अशी पद्धत पडली आहे.

दुसऱ्या बाळंतपणात दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला लाल-जांभळ्या बारीक रेषा उमटल्या. त्यांचं मला काही वाटत नाही, दुखत नाहीत. पण गेल्या दीडेक वर्षात डाव्या पायाला घोट्याच्या हाडाखाली, आतल्या बाजूला, बारीक निळ्या शिरांचा पंख्यासारखा पसारा झालाय. संध्याकाळी तो पाय जड होतो. मोज्याचं इलॅस्टिक रुतून खोल वळ पडतो आणि रात्री पोटरीत गोळे येतात. सकाळी उठते तेव्हा पाय हलका असतो.

खरी भीती आईमुळे आहे. आईने इचलकरंजीला सूतगिरणीत उभ्याने नोकरी केली. तिच्या डाव्या घोट्याच्या वर जखम आहे. भरते, पुन्हा फुटते, भोवतीची कातडी काळपट आणि टणक झाली आहे. तिच्याही पायावर सुरुवातीला अशाच बारीक शिरा होत्या, असं ती म्हणते.

एका स्किन क्लिनिकमध्ये दाखवलं. त्यांनी पाय बघून लगेच लेझरचं पॅकेज सांगितलं, सोनोग्राफीचा विषयच काढला नाही. नणंद म्हणते, हे सगळं दिसण्याचं कौतुक आहे, पैसे घालवू नको. मला पाय सुंदर करायचे नाहीत. माझं आईसारखं होणार का, आणि होणार असेल तर आज काय केलं म्हणजे होणार नाही, एवढं कोणी सांगेल का?

---

मिरजेची_पार्लरवाली

ताई, माझंही काम उभ्याचं. मी गुडघ्यामागच्या आणि मांडीवरच्या शिरांना इंजेक्शनं घेतली आहेत, त्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. केसाएवढ्या बारीक सुईने औषध थेट शिरेत सोडतात. माझ्या डॉक्टरांनी पोलिडोकॅनॉल वापरलं. शिरेचं आतलं अस्तर त्याने खराब होतं, शीर आतून चिकटते आणि पुढे शरीरच ती शोषून घेतं. टोचलेलं जेमतेम कळतं, नंतर थोडी आग होते. बेडवरून उतरवून लगेच चालायला लावलं आणि घट्ट मोजे घालून घरी पाठवलं.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. पहिली, दुसऱ्या दिवशी आरशात बघायला जाऊ नका, पाय आधी जास्त वाईट दिसतो. बारीक शिरा फिकट व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात, आणि एका बैठकीत सगळं होत नाही. दुसरी, आपल्या सावळ्या रंगाला शिरेच्या जागी तपकिरी डाग पडू शकतो. माझा पडला आणि तो जायला वर्ष होत आलं. गेला, पण तोवर मी काळजीत होते.

आणि हो, माझ्या डॉक्टरांनी सुई हातात घेण्याआधी मला उभं करून डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केली होती. तुमच्या क्लिनिकने न तपासता पॅकेज सांगितलं हे मला खटकतंय.

---

सांगलीची_सिस्टर

वयाने मोठी आहे, म्हणून तुला अगं-तुगं करते. सरकारी दवाखान्यात सर्जिकल वॉर्डला आयुष्य गेलं. तुझ्या आईसारखे पाय मी रोज ड्रेसिंग केले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मांडीवरच्या रेषा आणि घोट्याजवळचा पंखा या दोन वेगळ्या गोष्टी समज. एक मिलिमीटरपेक्षा बारीक, कातडीतच असलेल्या लाल-जांभळ्या शिरा म्हणजे स्पायडर व्हेन्स. एक ते तीन मिलिमीटरच्या निळ्या, त्या रेटिक्युलर. तीनच्या वर गेल्या, फुगल्या, वेड्यावाकड्या झाल्या की व्हेरिकोज. मांडीवरच्या तुझ्या रेषा बाळंतपणातल्या आहेत. त्या काळात रक्ताचं प्रमाण वाढतं, हार्मोनमुळे शिरांच्या भिंती सैल पडतात आणि पोटातल्या बाळाचा दाब वरून असतो. त्या तशाच राहिल्या तरी जिवाला धोका नाही. उद्या त्यावर काही केलं नाहीस तरी चालेल.

घोट्याच्या आतल्या बाजूचा पंखा मात्र मी हलक्यात घेणार नाही. डॉक्टर लोक त्याला कोरोना फ्लेबेक्टॅटिका म्हणतात. शिरांच्या आजाराची सीईएपी नावाची प्रतवारी जगभर वापरतात, सी-शून्य ते सी-सहा. साध्या स्पायडर व्हेन्स सी-एकमध्ये येतात. २०२० साली ती प्रतवारी सुधारली, तेव्हा हा घोट्याचा पंखा सी-चारमध्ये नेला, म्हणजे कातडीवर परिणाम दिसू लागलेल्या पायांच्या गटात. कारण असा पंखा असलेल्या पायात पुढे जखम होण्याची शक्यता जास्त असते. दोन्ही शिरा दिसायला सारख्याच बारीक, पण अर्थ वेगळा.

आत काय होतं ते सांगते. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चाललीस की स्नायू आवळतो, रक्त वर जातं, आणि शिरेतल्या झडपा ते खाली परत येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की पोटरी काम करत नाही, रक्त खाली साचतं. वर्षानुवर्षं तसं झालं, त्यात घराण्याचा दोष असला, की झडपा नीट मिटेनाशा होतात. जांघेपासून घोट्यापर्यंत आतल्या बाजूने जी मोठी शीर जाते, ग्रेट सॅफेनस, तिची झडप बहुतेक वेळा आधी गळू लागते. मग सगळा दाब येऊन बसतो तो घोट्यावर. तिथे आधी सूज, मग खाज आणि इसब, मग तपकिरी-काळी कातडी, मग ती टणक होते आणि शेवटी जखम. तुझी आई या वाटेने शेवटपर्यंत गेली आहे. तू तिची मुलगी आहेस आणि उभ्यानेच काम करतेस, म्हणून तुला तपासून घ्यायला सांगते. बारीक शिरा असणाऱ्या प्रत्येक बाईचं असं होत नाही, बहुतेकींचं होत नाही.

तेव्हा पहिलं काम डॉप्लर सोनोग्राफी. ती उभं राहून करायची. आडवं झोपवून केली की गळती लपते. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजतात. वरवरच्या शिरांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं की झडप गळते असं धरतात. रिपोर्टमध्ये खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का, हेही लिहून घे.

गळती असेल तर आधी ती मोठी शीर बंद करावी लागते. खालचा पंखा नंतर बघायचा. नळ वाहता ठेवून फरशी पुसत बसण्यात अर्थ नाही. लेझरचं पॅकेज घेऊन वरच्या शिरा जाळल्या आणि आतला दाब तसाच राहिला, तर त्या पुन्हा येणार.

आता मोज्यांचं. बाजारातले नुसते घट्ट मोजे कामाचे नाहीत. घोट्याला जास्त दाब आणि वर चढताना कमी होत जाणारा, असे वैद्यकीय मोजे लागतात. क्लास दोनचा दाब साधारण २३ ते ३२ मिलिमीटर पारा असतो. सकाळी पाय सुजण्याआधी मापं द्यायची, घोटा आणि पोटरी दोन्हींची. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी घालायचे, रात्री काढायचे. हातांत रबरी हातमोजे घालून ओढले तर नीट चढतात. साधारण सहा महिन्यांनी त्यांची ताकद जाते, नवे घ्यावे लागतात. पण विकत घेण्याआधी पायाच्या धमन्यांची नाडी डॉक्टरांना बघू दे. धमन्यांत अडथळा असेल तर हेच मोजे पायाला इजा करतात. मधुमेह असेल तर दुप्पट काळजी.

आईसाठी वेगळं लिहिते, कारण मला तिचं जास्त वाईट वाटतं. नुसती पट्टी बदलून ही जखम बरी होत नाही. धमन्या ठीक असतील तर पायाला थरांचं दाबाचं बँडेज हवं, आणि मागची गळणारी शीर बंद करायला हवी. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ईव्हीआरए नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४५० रुग्ण होते. शीर लवकर बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबून केली त्यांच्यातल्या निम्म्यांची ८२ दिवसांत. म्हणजे वय झालं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. तिलाही सोबत ने.

---

तीळतेल

माझ्या मामीला जळवा लावून खूप आराम पडला. जलौका म्हणून आयुर्वेदात मान्य उपचार आहे. शिवाय रोज तिळाच्या तेलाने जोरात मालिश करा, शिरा मोकळ्या होतात.

---

सांगलीची_सिस्टर

तुमच्या मामींना बरं वाटलं असेल, मी खोटं म्हणत नाही. साचलेलं रक्त निघालं की जडपणा कमी होतो. पण जळवेने झडप दुरुस्त होत नाही, दाब पुन्हा चढतो. जळवेच्या पोटात एरोमोनास नावाचे जिवाणू असतात. मधुमेहाच्या किंवा आधीच जखम असलेल्या पायावर त्यांचा संसर्ग फार वाईट जातो. ताईंच्या आईच्या पायाला तर अजिबात नको.

तेल हलक्या हाताने लावा, कातडी कोरडी पडून खाजत असेल तर चांगलंच आहे. जोरात चोळू मात्र नका. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम लागते, दाबली की दुखते, अशा वेळी हातही लावू नका. ती खोल शिरेतली गुठळी असू शकते, आणि चोळल्याने सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात.

अजून एक, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. घोट्याजवळची पातळ कातडीखालची शीर कधी खरचटून फुटते, बहुतेक वेळा न्हाणीघरात गरम पाण्याने. रक्त चिळकांडीसारखं उडतं. माणसं घाबरून उभी राहतात किंवा वर दोरी आवळतात, दोन्हींनी रक्त वाढतं. खाली आडवं व्हा, पाय हृदयापेक्षा उंच करा, स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. थांबतं. वॉर्डला आलेली एक आजी लेकीने फोनवर एवढंच सांगितलं म्हणून वाचली. थांबल्यावर डॉक्टरला दाखवायचंच, कारण ती शीर पुन्हा फुटते.

---

कामगार_कायदा_पुणे

वैद्यकीय बाजू सिस्टरनी मांडली आहे. मला स्टुलाबद्दल बोलायचं आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगारांना, कामात खंड पडेल तेव्हा बसता यावं अशी सोय हवी, असं ते सांगायचं. तुमच्या आई सूतगिरणीत होत्या तेव्हा हे कलम लागू होतं. दुकानांसाठी केरळने २०१८ मध्ये आपल्या दुकाने कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. त्यामागे कोझिकोडच्या दुकानांमधल्या बायकांचा लढा होता, आणि त्यांना एकत्र आणणाऱ्या विजी पालितोडी स्वतः शिवणकाम करणाऱ्या. दिवसभर बसायला नाही, लघवीला जायला मोकळीक नाही, हेच त्यांचं गाऱ्हाणं होतं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली.

तुम्ही मालकांशी भांडायला जाऊ नका, एकट्याने तर नाहीच. चार-पाच जणी मिळून बोला, आणि डॉक्टरांकडून ‘सलग उभं राहू नये, मधूनमधून बसू द्यावं’ असं लेखी घेऊन जा. कागद असला की बोलणं सोपं होतं. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर तपासणी आणि उपचार तिथून मिळू शकतात, स्लिप बघा. खासगी आरोग्य विमा असेल तर एक लक्षात घ्या: बऱ्याच पॉलिसींमध्ये व्हेरिकोजला दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो आणि निव्वळ दिसण्यासाठी केलेला उपचार धरत नाहीत. म्हणून कागदावर सूज, वेदना, कातडीतले बदल, डॉप्लरचे आकडे नीट नोंदवलेले असणं तुमच्या फायद्याचं आहे.

---

काउंटरवरची_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला घेऊन व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनकडे जाऊन आले. डॉप्लर उभ्यानेच केला, मी विचारूनच आत गेले.

उजव्या पायात गळती नाही. डाव्या पायात ग्रेट सॅफेनस शीर मांडीपासून गळते, उलटा प्रवाह १.८ सेकंद, गुडघ्याजवळ शीर ६ मिलिमीटर. खोल शिरा मोकळ्या. म्हणजे सिस्टर, तुम्ही पंख्यावरून ओळखलंत ते बरोबर निघालं. वाचल्यावर रडू आलं, पण सर्जन म्हणाले कातडी अजून मऊ आहे, डाग नाहीत, वेळेत आलात. आईच्या धमन्या चांगल्या आहेत, तिला दाबाचं बँडेज सुरू केलंय आणि तिचीही शीर बंद करायचं ठरतंय.

मला त्यांनी तीन पर्याय सांगितले: लेझरने आतून बंद करणं, रेडिओफ्रिक्वेन्सीने बंद करणं, किंवा जांघेत कापून शीर ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया. शीर आतून चिकटवणाऱ्या ग्लूचंही नाव निघालं, पण ते फार महाग. लेझर म्हटल्यावर मी गोंधळले. स्किन क्लिनिकचं लेझर आणि हे लेझर एकच का? आणि एवढी मोठी शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? सर्जनसमोर विचारायचं राहून गेलं.

---

सांगलीची_सिस्टर

अगं रडू नको, हा रिपोर्ट वेळेवर हाती आलाय.

लेझर दोन्ही, पण कामं वेगळी. स्किन क्लिनिकचं लेझर बाहेरून कातडीवर मारतात. पायाच्या बारीक शिरांसाठी बहुधा १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग. सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात ते बरं, तरी भाजण्याची आणि डाग पडण्याची भीती असतेच. सर्जन म्हणतात ते लेझर शिरेच्या आत जातं. गुडघ्याच्या आसपास सुईने शिरेत बारीक तार घालतात, सोनोग्राफीवर बघत जांघेजवळ नेतात, शिरेभोवती भूल आणि सलाइनचं पाणी भरतात म्हणजे आजूबाजूला भाजत नाही, आणि आतून तापवत मागे घेत येतात. रेडिओफ्रिक्वेन्सीतही असंच, फक्त उष्णता वेगळ्या तऱ्हेने तयार होते. दोन्हींचे परिणाम जवळपास सारखे, तुझ्या सर्जनचा हात ज्यात बसलेला असेल ते घे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ पासून हाच क्रम दिलाय: आधी उष्णतेने बंद करणं, ते जमत नसेल तर फोमची (स्क्लेरोथेरपीचं औषध फेसाळ करून दिलेली) इंजेक्शनं, तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया. जुनी शस्त्रक्रिया वाईट नाही, पण दुखतं जास्त आणि काउंटरवर परत उभं राहायला वेळ लागतो.

रक्ताची काळजी करू नको. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांमधूनच वर जातं आणि तुझ्या त्या मोकळ्या आहेत. म्हणून तर मी तो मुद्दा रिपोर्टमध्ये लिहून घ्यायला सांगितला होता. गळणारी शीर रक्त वर नेतच नव्हती, खाली आणत होती.

जाण्याआधी सर्जनना एवढं सांग: गर्भनिरोधक किंवा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतेस का, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, कशाची ॲलर्जी आहे का. आणि विचार, की नंतर किती दिवस मोजे घालायचे, पुन्हा डॉप्लर कधी, आणि उरलेल्या बारीक शिरांना इंजेक्शन लागलं तर ते याच खर्चात की वेगळं. त्याच दिवशी घरी पाठवतात, पण झोपून राहू नको, घरातल्या घरात दर तासाला चाल. नंतर मांडीच्या आतल्या बाजूला दोरीसारखं ओढल्यासारखं वाटेल, ते काही दिवसांत जातं. पोटरी सुजली तर मात्र लगेच फोन कर.

ईएसआय नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात आरोग्यमित्राला भेट, आईची जखम आणि तुझी शीर महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत बसते का ते तो कागद बघून सांगेल. दोघींचे रेशनकार्ड, आधार आणि डॉप्लरचे रिपोर्ट घेऊन जा.

काउंटरवर असताना टाचा उचलून पंजावर उभी राहा, पुन्हा टेक, असं सावकाश करत राहा. गिऱ्हाईकाला कळतही नाही आणि पोटरी कामाला लागते. रात्री पायाखाली दोन उशा.

---

काउंटरवरची_कोल्हापूर

गोळ्या घेत नाही. आईच्या बहिणीला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती, हे आईला तुमचं वाचून दाखवलं तेव्हाच कळलं. सर्जनना सांगते. आणि काउंटरवरच्या आम्ही चौघीजणी सोमवारी मालकांना भेटणार आहोत, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन.